नात्याबाहेरचं रक्त

(दहावी १९७५ च्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. एस.टी.त आयुष्य काढलेल्या माणसाला वेळेचं महत्त्व सांगावं लागत नाही. पण एस.टी. वेळेवर सुटतेच असं नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा थोडा उशीर झाला तर सांभाळून घ्या.

सकाळपासून आपण खूप हसलो. छड्या आठवल्या, डबे आठवले, ‘दहावीची पहिली बॅच’ म्हणून आपल्यावर झालेले प्रयोग आठवले. माझा विषय आजारपणाचा आहे. आनंदाच्या दिवशी हा कशाला, असं मी संयोजकांना म्हटलंही. ते म्हणाले, “शाळा सुटल्यावर आपल्या वर्गानं सगळ्यांनी मिळून केलेलं एकच काम आहे, आणि ते तुझ्या घरचं आहे. तू बोल.” म्हणून उभा आहे.

मी स्वारगेटला कंडक्टर म्हणून लागलो आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं चौकशीच्या खिडकीत गेली. तिथे एक ठरावीक प्रकारचा प्रवासी रोज दिसायचा. साताऱ्याच्या, सांगलीच्या किंवा बारामतीच्या गाडीतून पहाटे उतरलेला, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट आणि मागे डोक्याला स्कार्फ गुंडाळलेलं कुणीतरी. तो विचारायचा, “साहेब, अमक्या हॉस्पिटलला कुठली बस?” मी बसचा नंबर सांगायचो आणि पुढच्या माणसाकडे वळायचो. पाकिटात काय आहे हे मी कधी विचारलं नाही. रांग मोठी असायची.

मे २०१४ मध्ये तसं पाकीट माझ्या हातात आलं.

माझ्या बायकोला दोन महिने थकवा होता. उन्हाळा आहे, वय पन्नास आहे, असं म्हणून तिनं अंगावर काढलं. मग दंडावर काळेनिळे डाग दिसायला लागले. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६ आणि प्लेटलेट १४ हजार. निरोगी माणसाच्या दीड ते साडेचार लाख असतात. पुढे हाडातल्या मगजाची तपासणी झाली आणि नाव कळलं, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर.

बाई, तुम्ही आम्हाला तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका शिकवल्या होत्या. तेव्हा रक्तबिंबिका हा शब्द एका मार्काचा होता. तो चाळीस वर्षांनी असा परत भेटेल असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हा बापलेकांना समोर बसवून सांगितलं, “सात दिवस एक औषध, त्यातले तीन दिवस जोडीला दुसरं. पण ते औषध रोगट पेशी आणि चांगल्या पेशी असा फारसा भेद करत नाही. तण काढायला सगळं शेत नांगरावं लागतं. नवं पीक उगवायला तीन-चार आठवडे लागतात. त्या काळात रक्त थांबवायला प्लेटलेट नसतील, जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी नसतील. औषध देणं आमचं काम. तेवढे आठवडे पेशंटला जगवणं आपल्या सगळ्यांचं काम.”

याला डॉक्टर सपोर्टिव्ह केअर म्हणतात. रक्त, प्लेटलेट, अँटिबायोटिक, तोंडाची स्वच्छता, शिजवलेलं अन्न, सोबत. पूरक उपचार म्हणा हवं तर. पूरक म्हटलं की ते असलं तर बरं, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण कॅन्सरच्या औषधाला काम करायला वेळ मिळतो तो या पूरक उपचारांमुळेच. तो वेळ मिळाला नाही, तर औषध कितीही भारी असून उपयोग नाही.

आता रक्ताची गोष्ट.

आपण रक्तदान करतो तेव्हा एका बाटलीतून ज्या प्लेटलेट निघतात, त्यांनी पेशंटचा आकडा पाच-दहा हजारांनी वाढतो. तेवढ्यानं भागत नाही. म्हणून एसडीपी करतात, म्हणजे एकाच दात्याकडून भरपूर प्लेटलेट. दात्याच्या हातातलं रक्त मशिनमध्ये जातं, मशिन प्लेटलेट बाजूला काढतं आणि बाकीचं रक्त दात्याला परत देतं. तास-दीड तास लागतो. अशा एका पिशवीनं आकडा तीस ते साठ हजारांनी वाढू शकतो. पण ताप असला, जंतुसंसर्ग असला, तर दोन दिवसांत पुन्हा खाली. आणि ही पिशवी साठवून ठेवता येत नाही. तांबड्या पेशी फ्रीजमध्ये पाच-सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट मात्र २०-२४ अंशांवर, सतत हलत्या फळीवर ठेवाव्या लागतात आणि जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणजे आज गरज लागली, तर आज-काल कुणीतरी दिलेलं असायला हवं.

माझा मुलगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, धडधाकट. तो बाही वर करून उभा राहिला, “आईला मी देतो.” तिचा भाऊही तयार होता. रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी दोघांनाही थांबवलं. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अशक्त पेशंटच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. त्या तिथे ठाण मांडतात आणि उलट पेशंटवरच हल्ला करू शकतात. हा प्रकार क्वचित घडतो, पण घडला तर बहुतेक वेळा जीव जातो. म्हणून असं रक्त टाळतात, आणि द्यायचंच झालं तर आधी किरणोत्सर्गाची मात्रा देऊन त्या पेशी निकामी करतात. शिवाय पुढेमागे बोन मॅरो बदलायची वेळ आली तर भावाचाच मॅरो लागेल, तेव्हा त्याचं रक्त आधीच दिलेलं नसावं, हेही कारण होतं.

मी जन्मभर ऐकत आलो होतो की शेवटी रक्ताची नातीच कामाला येतात. आणि इथे सांगत होते, नात्यातलं नको, बाहेरचं आणा.

त्या रात्री साडेअकराला मी आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. तोवर मी नुसते ‘सुप्रभात’ वाचत होतो. लिहिलं, “ए पॉझिटिव्ह एसडीपी डोनर हवा. बायकोसाठी.” एवढंच. आणि फोन उलटा करून ठेवला. कुणाचं उत्तर आलं नाही, तर ते बघायची हिंमत नव्हती.

सकाळी सहाला मागच्या बाकावरचा आपला एक मित्र दारात उभा. त्यानं नाव घेऊ नकोस असं बजावलं आहे, पण तुम्ही सगळे हसताय, म्हणजे ओळखलंत. शाळेत तो पस्तीस मिनिटांचा तास एका जागी बसत नसे. स्वारगेटच्या जनकल्याण रक्तपेढीत त्या मशिनला तो दीड तास हात लांब करून पडला होता. ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून मशिनमध्ये जे औषध घालतात त्यानं शरीरातलं कॅल्शियम थोडं उतरतं आणि तसं होतं. त्याला कॅल्शियमची गोळी दिली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “परत कधी?” मी म्हटलं, नियमाप्रमाणे निदान ४८ तास थांबावं लागतं. तो म्हणाला, “मग परवा.”

पहिल्या २६ दिवसांत तिला नऊ एसडीपी लागल्या. त्यातल्या सात या वर्गानं दिल्या. दोन तुम्ही, पाच तुमच्या मुलांनी आणि सुनांनी. कुणी आदल्या दिवशी डोकेदुखीवर ॲस्पिरिन घेतली म्हणून परत गेलं, कारण तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. कुणाच्या शिरा बारीक निघाल्या, कुणाचं वजन पन्नास किलोच्या आत होतं. परत गेलेल्यांनी दुसरा माणूस पाठवला. त्या सगळ्यांना आज पहिल्यांदा एकत्र बघतोय. मला ‘आभार’ हा शब्द लहान वाटतो, म्हणून तो वापरत नाही.

पुढे मी त्या मशिनची हकीकत वाचली. १९६० च्या सुमारास अमेरिकेत ब्लड कॅन्सरची मुलं औषध लागू पडण्याआधीच रक्तस्रावानं जात असत. एमिल फ्रायराइक नावाच्या डॉक्टरांनी त्यांना ताज्या प्लेटलेट द्यायला सुरुवात केली, आणि रक्तस्राव आटोक्यात आला. पण एवढ्या प्लेटलेट आणायच्या कुठून? तेव्हा जॉर्ज जडसन नावाचा आयबीएम कंपनीतला एक इंजिनिअर त्यांच्या मदतीला आला. त्याच्या स्वतःच्या मुलाला ब्लड कॅन्सर झाला होता. रक्तातले घटक वेगळे करणारं मशिन या लोकांनी मिळून उभं केलं. स्वारगेटला आपला मित्र ज्या मशिनला जोडलेला होता, त्याची सुरुवात अशी एका बापापासून झालेली आहे.

आता मला एक चूक सांगायची आहे. ती माझी आहे. खरं तर ती सांगण्यासाठीच मी उभा राहिलो.

पहिल्या फेरीत रोग आटोक्यात आला. नंतरच्या फेऱ्यांत औषध झालं की घरी सोडत, आणि पेशी खाली जाण्याचे दिवस घरीच काढायचे. घरी सोडताना नर्सबाईंनी कागदावर लाल पेननं लिहून दिलं होतं, “ताप १००.४ च्या वर गेला की ताबडतोब येणे. रात्र असली तरी.” तो कागद मी फ्रीजवर चिकटवला होता.

सप्टेंबरातली रात्र. एक वाजता तिला ताप, १००.८. ती म्हणाली, “तुमची पहाटेची ड्यूटी आहे. गोळी घेते. सकाळी बघू.” मी कागदाकडे बघितलं. बाहेर पाऊस होता. मनात म्हटलं, शंभर म्हणजे काय ताप आहे का? आपल्या घरांत १०२ झाल्याशिवाय ताप कुणी मोजत नाही. पॅरासिटामॉल दिली. घाम आला, ताप उतरला, आणि मी झोपलो.

पाच वाजता ती थंडीनं थडथडत होती आणि हाका मारूनही नीट बोलत नव्हती. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा ब्लडप्रेशर लागत नव्हतं. सहा दिवस आयसीयू.

नंतर मला समजावून सांगितलं ते तुम्हाला सांगतो. पांढऱ्या पेशी असतात तेव्हा जंतू शिरले की लाली येते, सूज येते, पू होतो. शरीर लढतं, म्हणून दिसतं. पांढऱ्या पेशीच नसल्या की यातलं काही दिसत नाही. बहुतेक वेळा ताप ही एकच खूण उरते, आणि गोळीनं मी तीच पुसून टाकली. अशा पेशंटला हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. मी चार तास घालवले.

ती वाचली. पण त्या सहा दिवसांत आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून मी एकच हिशोब करत होतो. नऊ जणांनी तास-दीड तास हात लांब करून जे दिलं, ते मी एका गोळीसाठी आणि एका झोपेसाठी घालवत होतो.

ही हकीकत मी तिथे आलेल्या आपल्या मित्रांना सांगितली. कुणी मला बोललं नाही. मुकुंदनगरमधला एक जण एवढंच म्हणाला, “तू एकटा होतास म्हणून झालं. चार्ट लाव.” मी नियंत्रक. आयुष्यभर इतरांच्या ड्यूट्या लावल्या. त्या दिवशी आयसीयूच्या बाहेर औषधाच्या बिलामागे आपल्या वर्गाचा ड्यूटी चार्ट लावला. रात्रीची गाडी कोण, डबा कोण, माझ्या जागी हॉस्पिटलात कोण, रक्ताची धावपळ कोण. पुढचे पाच महिने तो चालला. रात्री गाडी लागली ती तीनदा. तिन्ही वेळा फोन केल्यापासून अर्ध्या तासात आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. एकही फेरी रद्द झाली नाही. हे मी एस.टी.बद्दलसुद्धा छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आपल्या मैत्रिणींनी डबे दिले. मऊ खिचडी, नाचणीची पेज, दुधीची भाजी. ताजं शिजवलेलं, गरम, झाकलेलं. वरून कच्ची कोथिंबीर नाही. औषधानं तोंड सोलून निघालं होतं, म्हणून तिखट नाही. मऊ ब्रश आणि मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, हे दिवसातून चार वेळा कुणीतरी तिच्याकडून करून घेई. आणि ज्यांना सर्दी-खोकला होता ते आले नाहीत. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर माणसं नावं ठेवतात. हॉस्पिटलच्या गेटवर कापलेलं शहाळं घेऊन दहा जणांनी खोलीत जायचं, ही आपली रीत. पण अशा पेशंटच्या बाबतीत कधी कधी न जाणं हीच मोठी सेवा असते. ज्यांनी खालूनच डबा देऊन खिडकीकडे हात हलवला, त्यांना ती वरून बघायची. रोज विचारायची, “आज खाली कोण आलं होतं?”

आम्हाला पावणेतीन वर्षं मिळाली. मुलाचं लग्न तिनं उभं राहून केलं. २०१६ च्या पावसाळ्यात आजार उलटला. मुंबईला टाटा हॉस्पिटलला दाखवून आलो. तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत माझ्या खिडकीतला तो प्रवासी मला पुन्हा भेटला. तीच पिशवी, तेच पाकीट. गावोगावची माणसं तिथे महिनोन् महिने राहून उपचार घेतात. या वेळी माझ्यामागे रांग नव्हती. मी त्याच्याजवळ बसलो आणि विचारलं, “पाकिटात काय आहे?” तो दोन तास बोलला. मी नुसतं ऐकलं. तेही पूरक उपचारातच मोडतं, असं माझं मत झालं आहे.

शेवटचे काही आठवडे आम्ही वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये होतो. १९९७ पासून ते काम चालू आहे. पैसे घेत नाहीत आणि घरच्या माणसाला पेशंटबरोबर राहू देतात. तिथे जाण्याआधी मला वाटत होतं, तिथे जाणं म्हणजे हात टेकणं. तिथे तिचं दुखणं थांबलं, ती नीट झोपली, आणि एका संध्याकाळी तिनं माझ्याकडे चहा मागितला. बऱ्याच दिवसांनी तिला कशाची तरी चव हवीशी वाटली होती. जानेवारी २०१७ मध्ये ती गेली. शांतपणे गेली.

आता थोडं आजचं. आपण सगळे पासष्टी ओलांडलेले आहोत. एसडीपी साठीपर्यंत देता येते, रक्त पासष्टीपर्यंत. म्हणजे मित्रांनो, आपलं रक्त आता कुणी घेत नाही. मग आपल्याला काय करता येईल? मी तीन गोष्टी मागतो.

एक. तुमच्या मुला-नातवंडांपैकी ज्यांचं वय १८ ते ६० आहे, त्यांना एसडीपी म्हणजे काय हे घरी जाऊन समजावा आणि त्यांची नावं व रक्तगट बाहेरच्या टेबलावरच्या वहीत लिहा. गरज सांगून येत नाही. वही आधी तयार असली पाहिजे.

दोन. आपल्यातल्या कुणाच्या घरी, सोसायटीत, कामवाल्या ताईंच्या घरी केमोथेरपी चालू असेल, तर त्यांना एक थर्मामीटर नेऊन द्या आणि १००.४ हा आकडा पाठ करून घ्या. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो. त्यावर गेला की आधी फोन, आधी गाडी. मनानं गोळी नाही. रात्री दोन वाजता उचलला जाईल असा तुमचा फोन नंबर त्यांच्या फ्रीजवर लावून या. पुष्कळ माणसं पैशाअभावी थांबतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. त्याचे कागद गोळा करायला निवृत्त माणसाइतका मोकळा माणूस दुसरा कोण?

तीन. स्वारगेटला आता मेट्रो आली, चौक ओळखू येत नाही. पण पहाटेच्या गाडीतून पाकीट घेऊन उतरणारा माणूस अजून उतरतो. मी आठवड्यातून दोन दिवस सकाळी तिथे जातो. काही मोठं करत नाही. हॉस्पिटलची बस दाखवतो, चहा पाजतो, कुणाला रक्त हवं असेल तर रक्तपेढीपर्यंत चालत सोबत जातो. मला आणखी पाच जण हवे आहेत. ड्यूटी चार्ट मी लावीन.

सर, बाई, तुम्ही आम्हाला वर्गात एका बाकावर तिघं-तिघं बसवलंत. तेव्हा आम्ही कुरकुर केली होती. आज कळतं, त्या बाकावर जी सरकून जागा करायची सवय लागली, तीच २०१४ मध्ये माझ्या कामाला आली.

वही टेबलावर आहे. पेन मी बांधून ठेवलं आहे, कारण आपल्या वर्गाची पेनं चोरायची सवय मला माहीत आहे.

नमस्कार.